एका अंड्याचा हिशेब: आईचा नफा आणि पिल्लाचा तोटा

१/
अंडे जितके मोठे, तितके त्यातून बाहेर पडणारे पिल्लू सुदृढ. आणि पिल्लू जितके सुदृढ, तितकी त्याची जगण्याची शक्यता अधिक. हे इतके उघड वाटते की, यात शोधण्यासारखे काही असेल असे कुणाच्या मनातही येऊ नये. पण मग प्रत्येक मादी जमेल तितके मोठे अंडे का घालत नाही? या साध्या प्रश्नाने जीवशास्त्रज्ञांना अनेक दशके झुंजवले. डार्विनच्या टेबलापासून नॉर्वेतल्या ओढ्यापर्यंत पसरलेल्या त्या शोधाचा हा इतिहास.

२/
प्रथम निसर्गातली दोन टोके पाहू. न्यूझीलंडचा किवी साधारण कोंबडीएवढा पक्षी. त्याच्या मादीचे एक अंडे तिच्या वजनाच्या सुमारे २० टक्के भरते. दुसऱ्या टोकाला कॉड मासा. त्याची मोठी मादी एका हंगामात लाखो अंडी पाण्यात सोडते आणि प्रत्येक अंडे जेमतेम दीड मिलिमीटरचे असते. किवी सारी पुंजी एका अंड्यावर लावतो, कॉड ती लाखो ठिकाणी विखुरतो. दोन्ही वंश लाखो वर्षे टिकून आहेत. म्हणजे ‘मोठे ते चांगले’ आणि ‘पुष्कळ ते चांगले’ ही दोन्ही सूत्रे एकटी अपुरी आहेत.

३/
१८५९ साली ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’मध्ये डार्विनने अंड्यांच्या संख्येवर एक मार्मिक निरीक्षण नोंदवले. काँडोर दोन अंडी घालतो, शहामृग वीसेक. तरीही एकाच प्रदेशात काँडोरच अधिक असू शकतात. फुल्मार हा समुद्रपक्षी तर एकच अंडे घालतो, आणि तरी तो जगातला सर्वाधिक संख्येचा पक्षी असल्याचे त्या काळी मानले जाई. अंडी किती घातली यावरून प्रजातीची संख्या ठरत नाही, हे डार्विनने ओळखले होते. मग अंड्यांची संख्या आणि आकार ठरतो तरी कशावरून, हा प्रश्न मात्र पुढच्या पिढ्यांकडे आला.

४/
त्या पिढ्यांमध्ये एक उत्तर फार लोकप्रिय होते. ज्या प्राण्याची पिल्ले जास्त मरतात तो जास्त अंडी घालतो. निसर्ग जणू तूट भरून काढतो, असे ते उत्तर. ऐकायला ते समाधानकारक होते. परंतु त्यात एक मोठी फट होती. ही तूट मोजतो कोण? कोणत्याही मादीला आपल्या प्रजातीची खानेसुमारी ठाऊक नसते. नैसर्गिक निवडीला एकच भाषा कळते: कोणत्या आईची किती मुले जगली.

५/
ही फट नेमकी दाखवणारा माणूस होता इंग्लंडचा डेव्हिड लॅक. जन्म १९१०. डेव्हनमधल्या डार्टिंग्टन हॉल शाळेत तो शिक्षक होता. १९३८-३९ मध्ये रजा घेऊन तो गालापागोस बेटांवर गेला. तिथल्या फिंच पक्ष्यांवरच्या पुस्तकाने त्याचे नाव जगभर झाले. १९४५ मध्ये तो ऑक्सफर्डच्या एडवर्ड ग्रे संस्थेचा संचालक झाला आणि १९७३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिला.

६/
१९४७-४८ मध्ये ‘आयबिस’ या पक्षिशास्त्राच्या नियतकालिकात लॅकने आपला विचार मांडला. पक्षी तितकीच अंडी घालतो, जितक्या पिल्लांना तो पुरेसे भरवू शकतो. त्याहून एक अंडे अधिक घातले तर वाट्याला येणारा घास लहान होतो, पिल्ले कृश राहतात आणि शेवटी उडणाऱ्यांची संख्या वाढण्याऐवजी घटते. म्हणजे निवड ‘जास्त अंडी’ मागत नाही; ती जास्त जगणारी पिल्ले मागते. या दोन्हींत फरक आहे, आणि या विषयाचे पुढचे सारे संशोधन त्या फरकावर उभे आहे.

७/
कसोटीची जागाही ऐतिहासिक होती. १८६० मध्ये ज्या ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संग्रहालयात हक्सली आणि बिशप विल्बरफोर्स यांचा उत्क्रांतीवर गाजलेला वाद झाला, त्याच इमारतीच्या मनोऱ्यात पाकोळ्या घरटी करत. १९४८ पासून लॅकच्या चमूने त्यांचा अभ्यास सुरू केला. पुढे क्रिस्टोफर पेरिन्स यांनी काही घरट्यांत मुद्दाम जादा पिल्लू ठेवून पाहिले. दोन-तीन पिल्ले वाढवणाऱ्या जोडीवर चौथ्याचा भार पडला, तेव्हा त्या घरट्यातून सुखरूप उडणारी पिल्ले वाढली नाहीत, उलट कमी झाली.

८/
पण पाकोळी पिल्लांना चोचीने भरवते. सरडा भरवत नाही, मासाही बहुधा भरवत नाही. तिथे आई अंड्यातच बलकाची शिदोरी बांधून देते आणि निघून जाते. पुढचा प्रवास त्या शिदोरीवर. तेव्हा अशा प्राण्यांत प्रश्न ‘किती तोंडे भरवता येतील’ असा उरत नाही. तो ‘प्रत्येकाच्या शिदोरीत किती बांधावे’ असा होतो. इथून कथा अंड्यांच्या संख्येकडून अंड्याच्या आकाराकडे वळते.

९/
हे वळण प्रथम घेणाऱ्यांत स्वीडनचा गुन्नार स्वार्डसन होता. ड्रॉटनिंगहोम येथील गोड्या पाण्याच्या संशोधनकेंद्रात काम करताना १९४९ मध्ये त्याने माशांच्या अंड्यांवर एक छोटा निबंध लिहिला. त्याचा तर्क असा: जास्त अंडी देणाऱ्या मादीला नैसर्गिक निवड पुढे ढकलत असेल, तर माशांची अंडी पिढ्यान्‌पिढ्या वाढतच जायला हवीत. तसे होत नाही. अर्थात उलट दिशेने ओढणारी काहीतरी शक्ती असलीच पाहिजे. ती शक्ती म्हणजे मोठ्या अंड्यातून येणाऱ्या पिल्लाचा वरचष्मा.

१०/
लॅकही १९६० च्या दशकात या वळणावर आला. बदक आणि हंस यांची पिल्ले अंड्यातून निघताच स्वतः चरू लागतात. म्हणजे ‘भरवण्याची मर्यादा’ तिथे लागू पडत नाही. १९६७ मध्ये त्याने पाणपक्ष्यांच्या अनेक प्रजातींची तुलना केली. त्याला दिसले की, ज्या प्रजातींची अंडी शरीराच्या मानाने मोठी, त्यांची अंड्यांची संख्या कमी. आईची पुंजी मर्यादित आहे, आणि ती संख्येत खर्चायची की आकारात, एवढेच ठरवायचे आहे, हे चित्र आता स्पष्ट होऊ लागले.

११/
या चित्राला गणिताची चौकट मिळाली १९७४ मध्ये. कॅन्सस राज्य विद्यापीठातील क्रिस्टोफर स्मिथ आणि स्टीफन फ्रेटवेल यांनी ‘अमेरिकन नॅचरलिस्ट’मध्ये काही पानांचा लेख लिहिला. त्यात एकच महत्त्वाचा आलेख आहे. आडव्या अक्षावर एका पिल्लावर केलेला खर्च, उभ्या अक्षावर त्या पिल्लाचा ‘फिटनेस’, म्हणजे जगून स्वतःचा वंश पुढे नेण्याची क्षमता. फारच कमी खर्च केला तर पिल्लू जगतच नाही. त्या किमान पातळीनंतर क्षमता झपाट्याने वाढते. पण पुढे वाढीचा वेग मंदावतो आणि वक्र सपाट होत जातो.

१२/
या सपाट होण्यातच सारे रहस्य आहे. एक काल्पनिक हिशेब करू. आईकडे बलकाचे १०० भाग आहेत.
• प्रत्येक अंड्यात ५ भाग घातले तर २० अंडी. समजा त्यांतली २० टक्के जगतात: एकूण ४ पिल्ले.
• प्रत्येकी १० भाग, तर १० अंडी. समजा ६० टक्के जगतात: ६ पिल्ले.
• प्रत्येकी २० भाग, तर ५ अंडी. समजा ८० टक्के जगतात: पुन्हा ४ पिल्ले.
आईला सर्वांत फायद्याचा आहे मधला मार्ग.

१३/
आता हाच हिशेब पिल्लाच्या बाजूने पाहा. पिल्लाला विचारले तर ते २० भागांचे अंडे मागेल. त्यात त्याची जगण्याची शक्यता ८० टक्के आहे. आई मात्र त्याला १० भागांवर बोळवते, कारण उरलेल्या १० भागांत तिला दुसरे अंडे घालता येते. स्मिथ आणि फ्रेटवेल यांच्या आलेखात आईचा उत्तम बिंदू आरंभबिंदूतून वक्राला काढलेल्या स्पर्शिकेने मिळतो, आणि तो पिल्लाच्या उत्तम बिंदूच्या नेहमी अलीकडे पडतो. अंडे हे असे एक तडजोडीचे कागदपत्र आहे, ज्यावर सही फक्त आईची असते.

१४/
योगायोग असा की, त्याच १९७४ साली रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी ‘पालक-अपत्य संघर्ष’ ही संकल्पना मांडली. आई आणि मूल यांचे हित पूर्णपणे एक असते, या समजाला तिने तडा दिला. स्मिथ-फ्रेटवेल यांच्या लेखातून आणखी एक अनपेक्षित निष्कर्ष निघत होता. सुस्थितीतल्या, भरपूर खाल्लेल्या आईने अंडी मोठी करण्याऐवजी अधिक घालावीत. कारण अंड्याचा उत्तम आकार पिल्लाच्या परिस्थितीवर ठरतो, आईच्या श्रीमंतीवर नाही. प्रत्यक्षात अनेक प्राण्यांत मोठ्या माद्यांची अंडीही मोठी आढळतात, आणि त्यामुळे या निष्कर्षावर पुढे पुष्कळ चर्चा झाली.

१५/
सिद्धान्त देखणा होता. पुरावा मिळवणे अवघड होते. निसर्गात मोठी अंडी शोधून त्यांची पिल्ले अधिक जगतात असे दाखवले, तरी शंका उरतेच. मोठे अंडे घालणारी आई कदाचित मुळातच निरोगी असेल, तिची जनुके वेगळी असतील, तिने जागा चांगली निवडली असेल. मग श्रेय अंड्याचे की आईचे? शिवाय निवडीने जे आकार आधीच गाळून टाकले आहेत, ते निसर्गात पाहायलाच मिळत नाहीत. न उरलेल्या गोष्टींचा पुरावा कुठून आणायचा, हा इतिहासाच्या अभ्यासकांना चांगला परिचित असलेला पेच आहे.

१६/
त्यावर तोडगा काढला अमेरिकेतल्या बॅरी सिनर्व्हो यांनी, आणि हत्यार होते एक सिरिंज. कॅलिफोर्नियातल्या स्केलोपोरस सरड्यांची अंडी मोठी, तर उत्तरेकडे वॉशिंग्टन राज्यातल्या त्याच जातीच्या सरड्यांची अंडी लहान. सिनर्व्हो यांनी कॅलिफोर्नियाच्या अंड्यांतून थोडा बलक सुईने काढून घेतला. अंडे मेले नाही. त्यातून लहान पण धडधाकट पिल्लू निघाले. १९९० मध्ये रेमंड ह्यूई यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत दिसले की, ही छोटी केलेली पिल्ले आपल्या पूर्ण आकाराच्या भावंडांपेक्षा हळू धावतात. आईबाप तेच, जनुके त्याच घरची, फरक फक्त शिदोरीचा.

१७/
पुढच्याच वर्षी पॉल लिच्ट यांच्याबरोबर त्यांनी उलट दिशेचा प्रयोग केला, कॅलिफोर्नियातल्याच ‘उटा’ या चिमुकल्या सरड्यावर. मादीच्या बीजकोशातील काही बीजपुटिका नष्ट केल्या, तर उरलेल्या अंड्यांना जास्त बलक मिळून ती मोठी झाली. संप्रेरक देऊन बीजपुटिका वाढवल्या, तर अंडी पुष्कळ पण लहान झाली. म्हणजे संख्या आणि आकार यांच्यातली देवघेव खरोखरच मादीच्या शरीरात घडते. फार मोठी झालेली काही अंडी मात्र अंडनलिकेतच अडकली किंवा घालताना फुटली. वरची मर्यादा हाडामांसाचीही असते, हे त्यातून कळले.

१८/
१९९२ मध्ये त्याहून कठीण पाऊल टाकले गेले. असे लहान-मोठे केलेले पिल्लू-सरडे खुणा करून रानात सोडले आणि नंतर कोण उरले ते पुन्हा मोजले. ‘मोठे तेच जगते’ असे सरळ उत्तर आले नाही. एका हंगामात निवड जशी वागली, तशी दुसऱ्यात वागली नाही. कधी मोठ्यांची सरशी, कधी तो फायदा नाहीसा. पिल्लाच्या आकाराला किती किंमत मिळेल, हे त्या वर्षीचा बाजार ठरवत होता.

१९/
त्या बाजाराचे गुपित २००० साली उलगडले. उटा सरड्यांत नारिंगी गळ्याच्या माद्या पुष्कळ लहान अंडी घालतात, तर पिवळ्या गळ्याच्या माद्या थोडी मोठी अंडी. सरड्यांची संख्या विरळ असते तेव्हा जागा मोकळी असते. लहान पिल्लेही निभावतात आणि नारिंगी माद्यांचा वंश फोफावतो. त्यातून गर्दी वाढते. गर्दीत जागेसाठी झगडावे लागते; तिथे मोठे पिल्लूच टिकते आणि पाळी पिवळ्या माद्यांची येते. हे चक्र सुमारे दोन वर्षांनी फिरते. म्हणजे अंड्याचा ‘योग्य’ आकार असा कायमचा कोरलेला नसतो.

२०/
काही माद्या तर आकार परिस्थिती पाहून बदलतात. आपल्या मुगाला, हरभऱ्याला लागणाऱ्या भुंगेऱ्याच्या कुळातला स्टेटर हा कीटक अमेरिकेच्या ॲरिझोना भागात आढळतो. बाभळीच्या जातीतल्या एका झाडाच्या बियांवर त्याची मादी पुष्कळ लहान अंडी घालते. पालो व्हेर्दे नावाच्या झाडाच्या बियांचे कवच मात्र अळीला घातक. लहान अंड्यातली अळी त्यात बहुधा मरते. त्या बियांवर हीच मादी थोडी आणि मोठी अंडी घालते. चार्ल्स फॉक्स आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवले की, बी बदलले की मादी काही दिवसांतच अंड्याचा आकार बदलते. लेकराला ज्या वाटेने जायचे, तशी शिदोरी.

२१/
स्मिथ-फ्रेटवेल यांच्या आलेखाची सर्वांत थेट परीक्षा झाली नॉर्वेत. अटलांटिक सॅमनची मादी नदीच्या तळाशी वाळू-गोट्यांत अंडी पुरते आणि त्यांना सोडून देते. सिगुर्ड आइनम आणि इयान फ्लेमिंग यांनी एकाच मादीच्या अंड्यांतून मोठी आणि लहान अंडी वेगळी केली आणि ती पिल्ले ओढ्याच्या वाहत्या पाण्यात वाढू दिली. २००० साली ‘नेचर’मध्ये निष्कर्ष आला: मोठ्या अंड्यांची पिल्ले निश्चितच अधिक जगली. मात्र आईच्या बाजूने हिशेब केल्यावर सर्वाधिक जगणारी संतती मधल्या आकारातून मिळत होती, आणि तो आकार त्या माद्यांच्या प्रत्यक्ष सरासरीच्या जवळ होता. पंचवीसेक वर्षांपूर्वी कागदावर काढलेली रेषा ओढ्यात सापडली.

२२/
या निष्कर्षाचा अर्थ थोडा बोचरा आहे. सॅमनची आई आणखी मोठी अंडी घालून प्रत्येक पिल्लाची शक्यता वाढवू शकली असती. निवडीने तिला तसे करू दिले नाही. काही पिल्ले गमावूनही जिची एकूण संतती अधिक उरली, तिचाच वंश पुढे आला. यात आईची निष्ठुरता शोधण्यात अर्थ नाही. ती काही ठरवत नाही. हजारो पिढ्यांच्या गाळणीतून उरलेला हा आकडा आहे.

२३/
आणि इथे माणूस आत शिरतो. नद्यांवर धरणे झाली, मासेमारी वाढली, सॅमन घटले. म्हणून मत्स्यबीज केंद्रे उभी राहिली. तिथे अंडी सुरक्षित ट्रेमध्ये उबवली जातात, पिल्लांना वेळेवर खाणे मिळते, शत्रू नसतो. या व्यवस्थेत लहान अंड्याची शिक्षा जवळजवळ माफ होते. स्मिथ-फ्रेटवेल यांचा वक्र लवकर सपाट होतो, स्पर्शिका डावीकडे सरकते. मग निवडीचे पारडे कुणाकडे झुकेल? अर्थातच पुष्कळ लहान अंडी घालणाऱ्या मादीकडे.

२४/
२००३ मध्ये डॅनियल हीथ आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये नेमके हेच मांडले. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात बंदिस्त वाढवलेल्या चिनूक सॅमनची अंडी काही पिढ्यांतच लहान होत गेली होती. भुंगेऱ्यांवर काम करणारे चार्ल्स फॉक्स या लेखाच्या लेखकांत होते. भीती पुढची होती: अशा माशांची पिल्ले नदीत सोडली, तर लहान अंड्यांचा हा वारसा रानटी माशांत मिसळेल, आणि नदीत तर लहान अंड्याची शिक्षा माफ झालेली नाही.

२५/
या निष्कर्षावर त्याच वर्षी त्याच नियतकालिकात हरकती छापल्या गेल्या, आणि हरकत घेणाऱ्यांत आइनम आणि फ्लेमिंगही होते. अंड्याचा आकार केवळ वारशाने ठरत नाही; मादीची वाढ कशी झाली, तिला अन्न कसे मिळाले यावरही तो बदलतो. तेव्हा लहान झालेल्या अंड्यांना लगेच ‘उत्क्रांती’ म्हणावे का, आणि एका ठिकाणची गोष्ट साऱ्या केंद्रांना लागू करावी का, हा वाद उभा राहिला. सिद्धान्ताचे सर्वांत भक्कम पुरावे देणाऱ्यांनीच त्याच्या घाईच्या वापराला अडवले, ही या इतिहासातली मोलाची घटना आहे.

२६/
वाद पिढ्यांच्या वेगाचा आणि कारणांचा होता. मूळ तत्त्वाला धक्का बसला नाही. डार्विनचा फुल्मार, लॅकची पाकोळी, सिनर्व्होंचा सरडा आणि नॉर्वेचा सॅमन यांनी मिळून एक गोष्ट पक्की केली: अंड्याचा आकार एकट्या अंड्याकडे पाहून कळत नाही. तो कळण्यासाठी त्या अंड्याच्या न घातलेल्या भावंडांचा हिशेब मांडावा लागतो, आणि बाहेर कोणते जग वाट पाहत आहे तेही पाहावे लागते.

२७/
म्हणून मत्स्यबीज केंद्रातला प्रश्न केवळ माशांचा नाही. संकटातल्या जीवाला सुरक्षित ठेवणे म्हणजे त्याच्या भोवतीचे जग बदलणे, आणि जग बदलले की आईचा हिशेबही बदलतो. आज ट्रेमध्ये वाचवलेले लहान अंडे उद्या त्याच थंड, खळाळत्या नदीत सोडायचे असते. तिथे त्याच्यासोबत असते ती फक्त आईने बांधून दिलेली शिदोरी.

#इतिहास #विज्ञानाचाइतिहास #उत्क्रांती